दोन कॅप्टनच्या खुर्च्या : बडोद्यातल्या एका फॅनफिल्मच्या नोंदी

बडोद्यात बसून स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ-मालिकेच्या विश्वातली पंधरा मिनिटांची फॅनफिल्म, म्हणजे चाहत्यांनी हौसेने केलेली फिल्म, करायची तर सेट, कपडे, दिवे आणि आवाज यांत काय काय बिघडतं ते या नोंदींत आहे. माणसांत काय बिघडतं तेही आहे, कारण आमचा जास्त वेळ त्यातच गेला. पुढे कोणी असं काही करायला घेतलं तर उपयोगी पडावं म्हणून आकडे जसे होते तसे ठेवलेत. नावं कोणाचीच घातलेली नाहीत.

८ सप्टेंबर २०२४, रविवार

काल गणपती बसले. आज सगळे मोकळे होते, म्हणून पहिली बैठक दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात, वरच्या माडीवर घेतली. आम्ही नऊ जण.

मागचं आधी लिहिते. मार्चपासून जुलैपर्यंत आम्ही सोळा जण एकत्र होतो. दादा संहिता लिहीत होता. तो आमच्यात सगळ्यांत मोठा, त्याला सगळे दादाच म्हणतात. सेट माझ्याकडे होता. कॅप्टनची खुर्ची मी केली. शुक्रवारी बाजारातून २,२०० रुपयांना न्हाव्याची जुनी खुर्ची आणली, पाय ठेवायचं लोखंड कापून टाकलं, दोन्ही हातांवर प्लायच्या पेट्या बसवल्या, त्यांत बटणं आणि दिवे घातले. चार महिन्यांचे रविवार त्यात गेले. जुलैच्या शेवटी दादाने पोस्टर काढलं. लेखक, दिग्दर्शक, निर्माता, संकल्पना, चारही ठिकाणी त्याचंच नाव. बाकीचे आम्ही बहुतेक 'विशेष आभार'मध्ये, बारीक अक्षरांत. मी विचारलं तर म्हणाला, "अगं, नावासाठी करतेस का तू?"

मी त्याच रात्री बाहेर पडले. माझ्यामागे आठ जण आले. खुर्ची दादाच्या गोदामात राहिली.

त्याला तेव्हा उत्तर दिलं नव्हतं, ते इथे देते. हो, नावासाठीच करते. या कामात कोणाला एक रुपयाही मिळत नाही, मिळूही नये असा नियमच आहे. चार महिने प्लाय कापणाऱ्या माणसाला शेवटी काय मिळतं? पडद्यावर तीन सेकंद नाव. तेही काढून घेतलं तर त्याने रविवारी यायचं कशासाठी?

आमच्यातली एक मुलगी फाइन आर्ट्सला आहे. दादासाहेब फाळके इथे बडोद्यात, कलाभवनात शिकले, हे तिला ठाऊक होतं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी फिल्मला हाताने छिद्रं पाडली, फिल्म धुतली, हे आज तिने पहिल्यांदाच ऐकलं. ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "ताई, आधी नावांचा कागद करू या."

तो कागद करण्यातच बैठकीच्या चार तासांपैकी तीन गेले. ठरलं ते असं. काम, नाव आणि तास, असे तीन रकाने. पडद्यावर सगळ्यांची अक्षरं एकाच आकाराची, क्रम वर्णानुक्रमे. दिग्दर्शकाची पाटी वेगळी येईल, पण अक्षर तेवढंच. आणि मध्येच जो सोडून जाईल त्याचं तोपर्यंतचं काम राहील आणि नावही राहील. हा शेवटचा मुद्दा मी हट्टाने घातला. तो पुढे माझ्याच अंगावर येणार हे तेव्हा लक्षात आलं नाही. कागद लोखंडी कपाटाच्या दाराला चिकटवला, त्यावर नऊ सह्या आहेत.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री शहरात शिरली. धोक्याची पातळी २५ फूट, आणि नदी ३५ च्या वर गेली. दादाच्या गोदामात कमरेइतकं पाणी होतं, एमडीएफचे कन्सोल फुगून पापुद्रे सुटले असं कळलं. चिखल काढायला आमच्यातलं कोणी गेलं नाही. मीही नाही. माझ्या घरापासून ते गोदाम चालत पंधरा मिनिटांवर आहे.

१५ सप्टेंबर

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मैत्रिणीच्या वडिलांची बंद शेड आहे, ती मिळाली. भाडं नाही, विजेचं बिल आमचं. यानाच्या ब्रिजसाठी, म्हणजे कॅप्टन बसतो त्या मुख्य दालनासाठी, जागा १४ फूट गुणिले ११ फूट. मिस्त्रीकाका चार रविवार येणार.

आज सगळ्यांना नियम मोठ्याने वाचून दाखवले. स्टार ट्रेकचे हक्क तेव्हा ज्यांच्याकडे होते त्या सीबीएस आणि पॅरामाउंटने जून २०१६ मध्ये ते जाहीर केले. त्याआधी अमेरिकेत अ‍ॅक्सनार नावाच्या एका फॅनफिल्मने लोकवर्गणीतून दहा लाख डॉलरहून जास्त जमवले होते. डिसेंबर २०१५ मध्ये तिच्यावर खटला झाला, जानेवारी २०१७ मध्ये तो तडजोडीने मिटला. आमच्या कामाचे मुद्दे असे : गोष्ट एकच असेल तर १५ मिनिटांच्या आत, दोन भाग केले तर मिळून ३० मिनिटं. पुढचा भाग काढायचा नाही. मुख्य नावात 'स्टार ट्रेक' नको, मात्र ही फॅनफिल्म आहे हे सांगणारं उपशीर्षक हवं. मूळ मालिकेतले तुकडे वापरायचे नाहीत. कोणाला मानधन नाही आणि फिल्म फुकट दाखवायची.

कपड्यांबद्दलही एक कलम आहे. ते मी वाचलं आणि पुढे गेले. त्याची किंमत २० ऑक्टोबरच्या नोंदीत आहे.

आमची गोष्ट थोडक्यात : मदतीचं यान एका हाकेच्या मागे जातं. पोचल्यावर कळतं की तो साधा रेडिओ संदेश होता आणि चाळीस प्रकाशवर्षं ओलांडून आला होता. हाक मारणाऱ्यांना चाळीस वर्षं होऊन गेलेली.

२२ सप्टेंबर

सेटच्या मागच्या भिंतीसाठी फ्रिजच्या खोक्यांतलं थर्माकोल जमवलं होतं. त्यातून उठावदार पट्ट्या कापून प्लायवर बसवायच्या होत्या. घाई होती, म्हणून मी पिवळा सोल्यूशनचा फेविकॉल लावायला सांगितला. पाच मिनिटांत हात धरतो, पांढऱ्याला रात्र लागते.

अकरा पट्ट्या लावून झाल्या आणि मिस्त्रीकाका ओरडले, "बेन, आ तो ओगळी गयुं!" जाऊन पाहिलं. पट्टी वरून शाबूत दिसत होती. बोट ठेवलं तर आत गेलं. खालून सगळं विरघळून पोकळ झालेलं, कडेला चिकट फेस. एक पट्टी उचलली तर हातात नुसती साल आली.

पिवळ्या फेविकॉलमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं. स्प्रेच्या डब्यातला रंगही तेच करतो. रंगाची चाचणी आधी एका तुकड्यावर घेतली म्हणून तो धडा स्वस्तात मिळाला. नुकसान ३,४०० रुपये आणि नऊ दिवस.

उपाय मखर करणाऱ्या शेजारच्या काकूंनी सांगितला. थर्माकोलला पांढराच फेविकॉल लावायचा, वर वजन ठेवून रात्रभर सोडायचा. मग वर्तमानपत्राचे कपटे पातळ फेविकॉलमध्ये बुडवून दोन थर द्यायचे. वाळलं की भिंतीची पुट्टी, पॉलिश पेपर, आणि वर पाण्यातला रंग. कागदाचे थर बसल्यावर हाताला लाकूड लागावं इतकं कडक होतं. नंतर त्यावर स्प्रेचा हातही फिरवला, काही झालं नाही.

६ ऑक्टोबर

नवरात्र. नऊ रात्री या गावात दुसरं काही होत नाही. मी आधी धरलंच नव्हतं. दसऱ्यापर्यंत दोन रविवार सोडून द्या, आणि शिंप्याकडे त्या दिवसांत जाऊच नका. सगळे चणिया-चोळीत बुडालेले असतात. आमचे सात गणवेश त्याने घेतले ते ओळखीवर, आणि 'दसऱ्यानंतर' असं सांगून.

२० ऑक्टोबर

गणवेश आले. सात, प्रत्येकी १,१५० प्रमाणे ८,०५०. मालिकेत जसे आहेत तसेच, काळ्या गळ्याचे. पोरांनी तिथेच अंगात घालून फोटो काढले आणि कोणीतरी ते लगेच बाहेर पाठवले.

रात्री दादाचा मेसेज आला, तोही मला नाही, दोन्हीकडच्या सगळ्यांना. 'नियम वाचलेत का? बाजारात अधिकृत मिळणाऱ्या गणवेशाची नक्कल चालत नाही.'

माझा पहिला राग असा होता की हे त्याने मला एकटीला सांगायला हवं होतं. तो राग बरोबर होता असं मला अजून वाटतं. पण कलम उघडून वाचलं तेव्हा तोच बरोबर निघाला. विकत मिळणारे गणवेश आणि वस्तू वापरायच्या तर त्या अधिकृत हव्यात, नकली चालत नाहीत. आम्ही तर हुबेहूब नक्कलच शिवली होती.

आमच्यातल्या तिघांचं म्हणणं होतं, "त्याने सांगितलं म्हणून बदलायचं नाही. बडोद्यातली नऊ पोरं, कोण बघतंय?" हा वाद आठवडाभर चालला. नियमाबद्दल कोणी बोलतच नव्हतं, दादापुढे वाकायचं की नाही एवढंच चाललं होतं. मला स्वतःला त्यातून बाहेर यायला चार दिवस लागले.

शेवटी बदलले. गळे उसवले, बंदगळा केला, खांद्यावर तिरकी राखाडी पट्टी लावली, बिल्ल्याचं चित्र आमचं आम्ही काढलं. गोष्टीत यान मदतकार्याचं आहे, तेव्हा वेगळ्या शाखेचा वेगळा गणवेश शोभूनही दिसतो. जादा खर्च १,७५०. खरं सांगायचं तर आताचे कपडे आधीच्यापेक्षा चांगले दिसतात.

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली. दिव्यांचं काम.

दादाच्या सेटचा नवा फोटो फिरत होता, त्यात कन्सोलखाली रंग बदलणाऱ्या एलईडीच्या दोन पट्ट्या दिसत होत्या. मी चार मागवल्या. सेटला किती हव्यात हे मोजलंच नाही, त्याच्या दोन दिसल्या म्हणून माझ्या चार. एका रिळाला १,०५०.

पाच मीटरच्या पट्टीवर ३०० एलईडी. पांढरा पूर्ण पेटवला तर एक एलईडी साधारण ६० मिलीअँपिअर घेतो, म्हणजे एका पट्टीला १८ अँपिअर. माझा ५ व्होल्टचा सप्लाय १० अँपिअरचा. पहिलीच पट्टी लावली तर सुरुवातीला पांढरी, मध्ये पिवळट, शेवटी विटकरी. सप्लायला हात लावला तर चटका बसला.

दोन गोष्टींनी सुटलं. एक, पट्टीला वीज दोन्ही टोकांनी दिली. दुसरं, पांढरा रंग काढून फक्त निळा ठेवला. तीनांतला एकच रंग पेटला की ६ अँपिअरमध्ये भागतं. यानाच्या ब्रिजला निळा शोभतोही. दोनच पट्ट्या लागल्या, दोन पडून आहेत.

मग कॅमेऱ्यात आडवे पट्टे फिरायला लागले. कॅमेरावाल्याने हौसेने सेकंदाला २४ फ्रेम ठेवल्या होत्या, शटर १/६०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, स्वस्त ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. २५ फ्रेम आणि १/५० केलं की पट्टे गेले. हे त्याला माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं, म्हणून अर्धा दिवस त्याने लेन्स बदलून पाहिल्या. मी बोलले नाही. शेवटी त्याने स्वतःच बदललं आणि मला दाखवायला बोलावलं. हा अर्धा दिवस मी वाया गेलेला धरत नाही.

१ डिसेंबर

ही नोंद मोठी आहे, कारण हा दिवस सगळ्यांत वाईट गेला.

मेलेल्या ग्रहासाठी मही नदीची कोतरं ठरली होती, सिंधरोटच्या बाजूची. पिवळ्या मातीच्या उंच भिंती, आत वळणावळणाची घळ. कॅमेरा जरा खाली धरला की झाडही दिसत नाही. एप्रिलमध्ये आम्ही सोळाही जण ती जागा बघून आलो होतो.

आठ वाजता पोचलो तर दादाची टीम आधीच तिथे. त्याच घळीत, त्याच वळणावर.

"ही जागा मी शोधली," दादा म्हणाला. "इथवर यायची वाट माझ्या मामाने दाखवली," मी म्हणाले. दोन्ही खरं होतं. मग पोस्टर निघालं, खुर्ची निघाली, पूर निघाला. "पाण्यात उभे होतो आम्ही, तेव्हा कुठे होतात?" असं तो म्हणाला, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी गणवेशाच्या मेसेजवर घसरले. दीड तास. दोन्हीकडची पंधरा-सोळा माणसं उन्हात उभी. त्यांचा माइक धरणारा मुलगा आणि आमची मेकअपवाली सख्खे भाऊ-बहीण आहेत. ती दोघं एका दगडावर बसून एकाच डब्यातले थेपले खात आमच्याकडे बघत होती. ते नजरेला पडलं तेव्हा माझं बोलणं तुटलं.

ठरलं असं, की बारापर्यंत ते, एकनंतर आम्ही. म्हणजे आम्हाला दुपारचं डोक्यावरचं ऊन आणि त्यानंतर थेट सावली, कारण घळीत चार वाजताच उजेड जातो. अकरा शॉट ठरले होते, चार मिळाले.

त्यात आणखी एक अडचण. आमच्या गोष्टीत त्या ग्रहावर चाळीस वर्षांत पाऊल पडलेलं नाही, आणि जमिनीवर त्यांच्या बुटांचे ठसेच ठसे. आम्ही खराट्याने झाडून काढलं. मॉनिटरवर पाहिलं तर खराट्याच्या रेघा माणसाच्या ठशांपेक्षा ठळक. मग फाइन आर्ट्सवालीने स्वयंपाकाची चाळण मागितली. कोरडी माती चाळणीने वरून भुरभुरायची, मागे मागे सरकत. ठसे गेले, रेघाही गेल्या. दोन शॉटमध्ये पन्नास मिनिटं त्यातच. घळीत शूटिंगला जाणार असाल तर चाळण न्या, एक नको, तीन न्या.

उरलेले सात शॉट ८ तारखेला जाऊन घेतले. या वेळी आदल्या दिवशी दादाला फोन केला, 'तुम्ही उद्या जाताय का,' एवढंच विचारायला. तो "नाही" म्हणाला. आणखी काही बोललो नाही.

१५ डिसेंबर

आवाज. पत्र्याच्या शेडमध्ये बोललेला शब्द दोनदा ऐकू येतो. पहिल्या दिवसाचं सगळं रेकॉर्डिंग टाकून द्यावं लागलं. फोमच्या शीटचा भाव काढला, परवडेना. प्रत्येकाने घरून गोधड्या आणल्या, बावीस जमल्या. दोरीवर सेटच्या तिन्ही बाजूंना टांगल्या आणि दोन वरून, नटांच्या डोक्यावर. घुमणं जवळजवळ गेलं. नवीन पातळ ब्लँकेटांनी काही होत नाही, जुन्या लुगड्यांची, जाड, धुऊन धुऊन मऊ झालेली गोधडीच हवी. माझ्या आजीची गोधडी कॅप्टनच्या बरोब्बर वर टांगली होती.

२२ डिसेंबर

सकाळी सातला दादाचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही. "खुर्ची फिरत नाहीये. आज दुपारी शेवटचा सीन आहे आमचा. तीत खाली काय बसवलंयस?"

न्हाव्याच्या खुर्चीचं मूळचं फिरणं खराब होतं, म्हणून मी तिथे मोटरसायकलच्या हँडलचा कोनसेट, म्हणजे छर्ऱ्यांवर फिरणारं बेअरिंग, बसवला होता. हे कोणाला सांगितलेलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. फोनवर समजावून होणारं काम नव्हतं. "येते," म्हणाले. पाना, रॉकेल, ग्रीस घेतलं, वाटेत गॅरेजमधून नवा कोनसेट घेतला, ३५० रुपये.

खुर्ची पुरानंतर मी पहिल्यांदाच पाहिली. उलटी केली. खाली चार बोल्ट, त्यातले दोन गंजून गोल झालेले, हातोडीचे घाव स्पष्ट दिसत होते. रॉकेल सोडून वीस मिनिटं थांबलो. आवरण निघालं तर आत सुकलेला गाळ, विटेसारखा घट्ट, आणि त्यात छर्रे रुतलेले. एकेक स्क्रूड्रायव्हरने उकरून काढला. दादा बाजूला उकिडवा बसून वाटी धरून होता.

मग हातांच्या पेट्या उघडल्या. आत मी मार्करने वायरींचे रंग आणि नंबर लिहिले होते. पाण्याने ती अक्षरं गेली असणार असं धरूनच चालले होते. वायरी सगळ्या नव्या होत्या. आणि प्रत्येकीवर कागदाची छोटी पट्टी गुंडाळून, वर सेलोटेप लावून, माझेच नंबर तसेच्या तसे पुन्हा लिहिलेले. दादाच्या अक्षरात. चौदा वायरी.

मी त्याबद्दल काही बोलले नाही, तोही नाही. कोनसेट बसवला, ग्रीस भरलं, खुर्ची सरळ केली आणि बोटाने ढकलली. एक पूर्ण फेरी मारून थांबली. "चहा घेणार?" दादाने विचारलं. घेतला.

आमच्या टीमला संध्याकाळी कळलं. कॅमेरावाला खूप दुखावला. "माझं नाव त्या पोस्टरवर आभारातसुद्धा नव्हतं, ताई. आणि तुम्ही जाऊन त्याचा सीन वाचवलात." तो पुढचे दोन रविवार आला नाही. त्याचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. तरीही ती खुर्ची मी केलेली आहे आणि ती अडून बसलेली मला बघवली नसती, एवढंच त्याला सांगू शकले.

५ जानेवारी २०२५

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी ड्रोन उडवू नका. पतंग १४ तारखेलाच उडतात असं धरलं होतं. आज, नऊ दिवस आधी, मावसभावाचा ड्रोन मांज्यात अडकून गच्चीवर आपटला. दुरुस्ती ६,५००. शिवाय महिन्याचा पहिला पंधरवडा शेडमध्ये थेट आवाज घेता येत नाही. यानावर संकट आलंय, कॅप्टन हळू आवाजात बोलतोय आणि मागून लाउडस्पीकरवर पतंग कापल्याची आरोळी, 'काय पो छे'. ती सगळी वाक्यं नंतर डब केली.

२ फेब्रुवारी

जोडणी झाली तेव्हा लांबी १९ मिनिटं २० सेकंद. चार मिनिटं वीस सेकंद काढायची होती आणि प्रत्येकजण स्वतःचे सेकंद मोजत होता. डॉक्टरचं काम करणाऱ्या मुलीने वहीत लिहून आणलं होतं : 'माझे ७४, कॅप्टनचे २९०.' तिला कोणी लहान मनाची म्हणू नये. सहा महिने दर रविवारी ती आजव्याहून बसने येत होती.

मी सुरुवात माझ्यापासून केली. यानाचा बोळ आम्ही तीन आठवडे खपून बांधला होता, कागदाचे थर, निळे दिवे, सगळं. कॅप्टन त्यातून चालत येतो तो शॉट ४८ सेकंदांचा. गोष्टीला त्याची गरज नव्हती. तो पूर्ण काढला. काढताना मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. त्यानंतर आमच्या दिग्दर्शकाने स्वतःहून सुरुवातीचं तारांगण काढलं, कॅमेरावाल्याने ड्रोनचे वाचलेले शॉट. संध्याकाळपर्यंत १४ मिनिटं ५२ सेकंद झाली. डॉक्टरचे ७४ सेकंद तसेच राहिले.

मग नावं. कपाटावरचा कागद समोर ठेवून टाइप करत होतो आणि दिग्दर्शक थांबला. चाळीस वर्षं उशिरा पोचलेली हाक ही कल्पना कोणाची? मार्चमध्ये सुरसागरच्या काठावर बसून शेंगा खाताना दादाने ती सांगितली होती. आम्ही सगळे तिथे होतो. जो सोडून जाईल त्याचं काम आणि नाव दोन्ही राहील, असं आमच्या कागदावर आमच्या सह्यांनी लिहिलेलं. सोडून गेलो होतो आम्ही, पण कलमाचा अर्थ बदलत नाही.

दोघे म्हणाले, घालू नका. मतदान घेतलं नाही, सह्या आधीच झालेल्या होत्या. 'मूळ कल्पना' या कामापुढे दादाचं पूर्ण नाव गेलं, बाकीच्यांच्याच आकारात, वर्णानुक्रमे. कॅमेरावाल्याने ते टाइप केलं. चेहरा घट्ट होता, पण वेलांटी चुकली ती त्यानेच दुरुस्त केली.

१६ फेब्रुवारी

वाड्याच्या चौकात चादर बांधून दाखवली. साठेक माणसं. दादा आला, मागे भिंतीला टेकून उभा राहिला. नावं संपेपर्यंत हलला नाही. जाताना म्हणाला, "आमची मार्चमध्ये. ये." जिन्यावरून परत वळून विचारलं, "खुर्चीपुढे तुझं नाव कसं लिहू? माहेरचं की सासरचं?" मी माहेरचं सांगितलं.

हिशेब : प्लाय, सनबोर्ड, थर्माकोल, रंग २१,३००. कपडे ९,८००. दिवे आणि सप्लाय ५,५००. ड्रोनची दुरुस्ती ६,५००. आमची दुसरी खुर्ची ३,१००. वीज २,६४०. जाणं-येणं आणि जेवण ९,७६०. एकूण ५८,६००, नऊ जणांत सारखे वाटून. यातले विरघळलेलं थर्माकोल, गणवेशाची उसवाउसव, जादा दोन पट्ट्या आणि ड्रोन मिळून १३,७५० निव्वळ वाया.

सेट मोडलाय, प्लाय मिस्त्रीकाकांना दिलं. दोन पट्ट्या दादाकडे पाठवल्या. आमची खुर्ची ऑफिसच्या जुन्या खुर्चीवर बांधलेली आहे आणि शेड महिनाअखेर रिकामी करायची आहे, तेव्हा कोणाला हवी असेल तर फुकट घेऊन जावी. टेम्पोत आडवी घालू नका, मागची फळी सुटते. डावा हात आधी काढा, चार स्क्रू आहेत, आणि वायरींचे नंबर पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने लिहिलेले आहेत.